सरकीचा दहावा दाणा

बाबा, आता आदिलाबादला राहते, तरी दुपारी डोंगरातल्या खाणीत सुरुंग उडाले की स्वयंपाकघरातली ताटं थरथरतात आणि माझी बोटं आपोआप मोजायला लागतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ही खोड काही गेली नाही.

सुरुंग उडवणं तुमचं काम, आणि त्या कामानंच तुमचे कान गेलेले. खाणीत हे कळलं असतं तर तुम्हाला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. म्हणून डब्याच्या निमित्तानं कायम मीच यायचे. पत्र्याच्या आडोशाला आपण दोघं बसतो, एक आवाज होतो, मी तुमच्या तळहातावर सरकीचा एक दाणा ठेवते. दगडातली जितकी भोकं दारूनं भरली तितके दाणे झाले की तुम्ही हिरवं निशाण दाखवणार आणि माणसं कामाला लागणार. एक दाणा कमी पडला, तर एक सुरुंग न फुटता दगडात राहिलाय. तो सापडेपर्यंत कोणी पुढे जायचं नाही. अकरा वर्षांच्या पोरीला हे तुम्हीच शिकवलंत.

त्या दिवशी माझ्या हातून वरण सांडलं. तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवलीत.

"एक काम धड होत नाही तुह्या हातून. तुह्यापेक्षा गाढव पोसलं असतं तं बरं झालं असतं."

"जाऊ द्या ना भाऊ, लेकरू हाय," ड्रिल चालवणारे काका म्हणाले. माझ्या बाजूनं बोलणारे ते एकटेच.

भोकं दहा होती. तुम्ही दाणे मोजले, निशाण दाखवलं. तासाभरात काकांचं ड्रिल न फुटलेल्या सुरुंगावर गेलं. त्यांना पोत्यात गोळा करावं लागलं.

चौकशीला आलेल्या साहेबाला तुम्ही म्हणालात, "मोजाले मीच चुकलो." माझं नाव काढलं नाहीत. नोकरी गेली. त्या काकांच्या मागे राहिलेल्या काकू रोज आपल्या दारात येऊन थुंकायच्या आणि तुम्ही त्यावर पाणी ओतायचात. एकदाच तुम्ही मला विचारलंत, "बाई, दहा देल्ले होते ना तू?"

"म्या नऊच देल्ले बाबा. तुमीच दहा मोजले."

तुम्ही मान खाली घातलीत. मरेपर्यंत तुम्ही स्वतःलाच खुनी समजत राहिलात.

मला तेव्हा कळत नव्हतं, असं लिहायला आज बसले होते. कळत होतं. आवाज नऊ झाले होते. हा कागद पिठाच्या डब्याखाली सारून ठेवते, तिथे कोणी बघत नाही. दहावा दाणा ठेवताना माझा गाल अजून जळत होता, आणि मला बरं वाटलं होतं.