एलिझाबेथची घरपट्टी

लेरिबे,
९ जुलै

लाडक्या लिम्फो,

थोरल्या बहिणीचे खूप खूप आशीर्वाद. डर्बनला तुम्ही सगळे मजेत असाल. इकडे ऐन हिवाळा, डोंगरांवर बर्फ पडलंय. आईचं ब्लँकेट खांद्यावर घेऊन रॉकेलच्या शेगडीपाशी लिहायला बसले आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू मधेच बोलतेस आणि मग मी ठरवलेलं सोडून भलतंच बोलत बसते.

मामांचा खोकला अजून आहे. औषध घेतात आणि वर पाइप ओढतात. रविवारी जेवायला आले होते. नदीपलीकडच्या फिक्सबर्गमधल्या घराची घरपट्टी भरून आले, असं मी बोलून गेले आणि त्यांनी ताटावरच सुरुवात केली.

"पुन्हा भरलीस? अगं, ती जमीन आपल्या राजाची. त्या गोऱ्या बोअरांनी बंदुका रोखून घेतली. आपल्याच जमिनीवर परदेशी म्हणून पट्टी भरणारी तूच एक शहाणी!"

"मामा, हे सीमेच्या पुलावरच्या पोलिसाला सांगा."

"सांगितलं की. म्हणाला, आजोबा, पासपोर्ट उलटा धरलाय, आधी तो सरळ करा."

खूप दिवसांनी हसले गं.

ते घर विकण्यासाठी तू पाठवलेलं मुखत्यारपत्र मिळालं. खाली आईची सही हवी आहे. तुझा दलाल म्हणतो, अंगठाही चालेल, तो उठवायला त्याच्याकडे माणूस आहे. तू लिहिलंस, "कागदावर ती जिवंतच आहे ताई. आपण कुणाचं काय लुबाडतोय? घर आपलंच आहे." वाचून मला राग आला. रोजनिशीत लिहिलं, 'लिम्फो चुकते आहे.' दुसऱ्या दिवशी ते वाक्य खोडलं. का खोडलं, ते पुढे सांगते.

आधी वकिलाकडे गेले. फाकिसींना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि सांगता सांगता मलाच ते पहिल्यांदा नीट दिसलं. इथे आपली आई म्हणजे मा-केनेउवे. केनेउवेची आई. माझ्या जन्मानंतर तिला दुसरं नाव राहिलंच नाही. पण फिक्सबर्गला लोकांच्या घरी कामाला लागल्यावर, तेव्हा कितीतरी जणींनी केलं तसं, तिनेही एका शेजारणीच्या ओळखीने तिकडचं ओळखपत्र काढलं. नाव एलिझाबेथ मोफोकेंग. लोकांची फरशी पुसून पुसून ते दोन खोल्यांचं घर घेतलं ते या एलिझाबेथने. दोन वर्षांपूर्वी आपण मा-केनेउवेला पुरलं. एलिझाबेथ काही मेली नाही.

फाकिसी म्हणाले, "बाई, परदेशात घर असणं म्हणजे दोन सासवा सांभाळणं. तुम्ही तर तिसरीला लपवून ठेवलंय." खरंच आहे. त्या घराच्या भाड्यावरचा कर तिकडे भरायचा. तेच भाडं इथल्या विवरणातही दाखवायचं. तिकडे भरलेला कर इथे वजा होतो, पण पावती एलिझाबेथच्या नावाची, त्यामुळे माझा होत नाही. मी दोन्हीकडे भरत आले. तुला बोलले नाही, कारण बोलले असते तर तू म्हणाली असतीस, मग दाखवतेस कशाला?

मग त्यांनी विचारलं, "समजा, एलिझाबेथ वारली. तुम्ही तिच्या कोण?"

लिम्फो, मी सगळे कागद चाळून पाहिले. त्या कागदांत एलिझाबेथला मूलबाळच नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. ते टाळायलाच बर्फ आणि मामा एवढे लांबवले.

नगरपालिकेच्या खिडकीवर दिबुओ बसते, तुला आठवत असेल. आई दर महिन्याला पट्टी भरायला जाताना तिच्यासाठी उन्हात वाळवलेले पीच न्यायची. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा पट्टी भरायला गेले तेव्हा तिने विचारलं, "काय म्हणतात म्हातारीचे गुडघे?" मी म्हटलं, "थंडीत दुखतात." तोंडातून निघून गेलं. पुढच्या वेळी पिशवीत पीच नेले. म्हटलं, आईने पाठवलेत. मग दर वेळी काहीतरी. आई आता चर्चला जात नाही. आईने नवा चष्मा केला. नव्या पाद्र्याचं आईला कौतुक नाही. परत येताना पुलावर मला लाज वाटायची, पण पुढच्या महिन्याची तारीख जवळ आली की पायांना घाईही व्हायची. साऱ्या जगात ती एकच खिडकी होती जिथे आई बरी होती.

तू एकदाच सही करायला सांगते आहेस. मी तर तिला दर महिन्याला उठवून बसवत होते. तुझ्यावर कुठल्या तोंडाने रागावू?

गेल्या मंगळवारी तुझा कागद पर्समध्ये घेऊन गेले. दिबुओने नेहमीसारखं विचारलं, "म्हातारी कशी आहे?" मी म्हटलं, "गेली."

"अरे देवा! कधी गं? माती कधी आहे? मी येते, सुट्टी काढते."

"माती झाली दिबुओ. दोन वर्षं झाली."

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. माझ्या मागे रांगेत उभा असलेला माणूस म्हणाला, "बाई, गप्पा घरी मारा." तिने त्याला हाताने थांबवलं आणि हळूच मला विचारलं, "मग पीच कोण वाळवत होतं?"

"मी."

"तरीच. आंबट निघत होते. मला वाटलं, म्हातारी थकत चालली."

मग तिने डोळे पुसले, चष्मा लावला आणि म्हणाली, "केनेउवे, मला हे आता नोंदवावं लागेल. कळतंय ना तुला?" मला कळत होतं. मान हलवली. तुला न विचारता हलवली. घरावर तुझाही हक्क आहे, डर्बनच्या तुझ्या घराच्या भिंती याच विक्रीच्या पैशांसाठी अडल्या आहेत, हे सगळं त्या क्षणी मला माहीत होतं. तो खरेपणा होता की नुसता थकवा, रोज स्वतःला विचारते आहे. सांगता येत नाही.

आता विक्री थांबली. एलिझाबेथ आणि मा-केनेउवे एकच बाई होती, असं दोन्ही सरकारांपुढे सिद्ध करायचं. फाकिसी म्हणतात, वर्षं लागतील, दंड होईल, आणि नाहीच पटलं तर एलिझाबेथ बेवारस ठरून घर सरकारजमा होईल. त्यासाठी आपल्या दोघींचं शपथपत्र लागतं. माझ्या एकटीचं चालत नाही. पैशाचं काही लिहायचं नाही त्यात. एवढंच, की ही बाई आमची आई होती.

तू चिडशील. चिडून का होईना, ये. नाही आलीस तर ते घर जाईल आणि मी तुला दोष देणार नाही. पण तेवढं एक वाक्य मला एकटीला लिहायला लावू नकोस.

यंदाचे पीच ठेवले आहेत. आंबटच आहेत.

आता नदीच्या दोन्ही काठांवर पोरकी झालेली,
तुझी ताई
केनेउवे