घर आवडलं, पण

४ डिसेंबर
नवं घर मिळालं विकायला. बायपासजवळ. मालकीण निर्मलाबाई, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टर. नवरा गेला, मूल नाही. धाकटी बहीण आरमोरीत अंथरुणाला खिळलेली, तिच्याकडे कायमचं जायचंय.
घर स्वच्छ. उजेड भरपूर, बोअरला पाणी. नेहमीचं सांगून आले: ओल खरवडून मग रंगवा, नुसती झाकू नका, गिऱ्हाईक बोट लावून बघतं. जास्तीचं सामान हलवा. दाखवायच्या दिवशी सगळे लाइट चालू, स्वयंपाकात मासळी नको. घरच्यांचे फोटो उतरवा, घेणाऱ्याला तिथं स्वतःची माणसं दिसली पाहिजेत.
"हे पन उतरवू?" हॉलमधल्या बुद्धाच्या तसबिरीकडे बोट.
म्हटलं, नाही बाई, ती राहू द्या.

९ डिसेंबर
जिवतीचा एक मास्तर बायकोला घेऊन आला. पोरींच्या कॉलेजसाठी चंद्रपुरात यायचंय. बायकोनं स्वयंपाकघरात वितीनं कोपरा मोजला, फ्रिज बसते का म्हणून. फ्रिजची जागा शोधायला लागले की घर विकलं समजायचं. हे मी घुग्घुसला शिकले. खाणीच्या क्वार्टरातून रिटायर होणाऱ्या शेजाऱ्यांना घरं शोधून देता देता या धंद्यात पडले.
मग मास्तरचं लक्ष तसबिरीकडे गेलं. बायकोला नजरेनंच बाहेर बोलावलं. गेटबाहेर आल्यावर,
"ताई, आधी सांगाचं होतं ना."
"काय?"
"तुमाले समजते. तुमी त आपल्यातल्याच."
माझ्या कार्डावरचं आडनाव वाचून बोलला. कोणी घामट हात खांद्यावर ठेवावा तसं झालं.

१० डिसेंबर
दिलीपभाऊला सांगितलं. ऑफिस दोघांचं, धंदाही दोघांचा. त्याला नवल नाही.
"बौद्धाचं घर हाय त तसबीर काढून ठेवा म्हणा दोन घंटे. गेटवरची नावाची पाटी पन. इसार झाल्यावर कोन परत जाते?"
म्हटलं, असं मी सांगणार नाही.
"घर विकाचं हाय का समाज सुधराचा हाय?" आणि खर्रा थुंकायला बाहेर.
रोजचं आहे हे. आधी पाणी विचारतात, मग रस्ता, मग आवाज बारीक करून, "मालक कोन हाय?" नाव नको असतं कोणाला, जात हवी असते. किळस येते फोन उचलायची.

१३ डिसेंबर
मास्तरचा फोन. बायकोच्या डोक्यातून घर जात नाही म्हणे. पण भाव पाडा. त्याचे बाबा बघायला येतील, त्याआधी तसबीर काढून ठेवा. "ओटा त आमी तोडूनच टाकू. संडास पन नवा करू. मंग शांती करून घेऊ."
त्या ओट्यावर केलेले पोहे मी परवाच खाल्ले.
जाऊन सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. निर्मलाबाई लाखोळीची भाजी निवडत होत्या. हात थांबला नाही.
"अख्खी नोकरी लोकायचं गू-मूत काढलं. सलाइन लावताना कोनी जात नाई इचारली. येऊ द्या म्हाताऱ्याले. तसबीर तिथीच राहीन."

१६ डिसेंबर
म्हातारा आला, मागून मास्तर. बाईंनी खुर्ची पुढं केली. "उभाच ठीक हाय." नळ सोडला, ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं, टाकलं, हात धोतराला पुसला. मग बाईंच्या समोर मला,
"शेजारी पन हेच लोक हाय का?"
माझं डोकंच फिरलं. "बाबाजी, हे घर तुमाले भेटत नाई. चला, निघा."
मास्तर मान खाली घालून निघाला, मागून म्हातारा बडबडत. बरं वाटत होतं, खूप बरं. वळून बघते तर निर्मलाबाई दारात. चेहरा लाल.
"तुमी काऊन नाई म्हटलं?"
"बाई, तो कसा बोलून राह्यला होता..."
"मलेही कान हाय. घर माहं हाय. हाकलाचं असन त मी हाकलन. माही बहीण तिथी पडून हाय, तिले कूस कोन बदलून देते? तुमी?"
दार लावून घेतलं.

१७ डिसेंबर
लिहावंसं वाटत नाही. कालपर्यंत सगळा राग म्हाताऱ्यावर होता. आज थोडा माझ्याच वाट्याला आला.

२१ डिसेंबर
मास्तरचा फोन, शाळेतून. सांगितलेला भाव कबूल. तसबिरीचं काही नाही, ओट्याचं काही नाही. बाबा जिवतीलाच राहतील. बाईची माफी मागतो म्हणाला. वाटलं, चला, माणूस आहे. तेवढ्यात, "फक्त एक, ताई. कोनाचं घर घेतलं ते आमच्या गावात कोनाले सांगू नका."
शी!
या वेळी स्वतः काही ठरवलं नाही. गेले, शब्दन् शब्द सांगितला. निर्मलाबाईंनी खुर्ची ओढून तसबिरीखाली ठेवली.
"या म्हणा त्याले. म्हाताऱ्याले संग आणाचं. इसाराच्या आधी दोघंही माह्यासमोर बसले पाह्यजे. खुर्चीवर."
"नाई आले त?"
"त नाई आले."
"बाई, मंग आरमोरी?"
बाईंनी माझ्या फोनकडे बोट केलं.
तिथूनच मास्तरला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं. मागं कोणीतरी जोरात बोलत होतं. म्हातारा होता की टीव्ही, कळलं नाही. "पाहतो ताई," म्हणाला, आणि ठेवला.
"काय म्हटलं?"
"पाहतो म्हणते."
"पाहू दे."
तोवर घर दुसऱ्या कोणाला दाखवू का, विचारायचं होतं. उद्या विचारते.