भावनेनुसार लावलेली चोवीसशे पुस्तकं

३ मार्च, सकाळी ८.
आजपासून रोजनिशी. रोज. वाचनालयाने मला कलाकार म्हणून रेसिडेन्सी दिलीय: चित्रकाराच्या नजरेतून संग्रहाची नवी मांडणी. मुदत तीन महिने. बायकोनेही तीनच दिलेत. नाही जमलं तर तिच्या भावाच्या टाइल्सच्या दुकानात काउंटरवर. तशी वेळ येणारच नाही म्हणा.

५ मार्च.
ग्रंथपालबाई सव्वीस वर्षं पुस्तकं नंबराने लावतायत. समजावलं, की वाचक नंबर शोधत नाही, भावना शोधतो. त्या म्हणाल्या, वाचक बहुतेक वेळा पुस्तक शोधतो. आता काय बोलणार, कपाळ!

१८ मार्च.
चिंतन झालं. तेही कामच. सुरुवात उद्या नक्की.

२ एप्रिल.
पुस्तकांच्या पाठीवरचे नंबर सोलून काढले. बोटं सुजली. कॅटलॉगची कार्डं दोऱ्यात ओवून जिन्यात टांगली. इन्स्टॉलेशन, मांडणशिल्प! बाई बराच वेळ बघत उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी. कलेची ताकद, दुसरं काय.

१७ एप्रिल.
विभाग ठरले: हुरहूर, चिडचिड, दुपार, उद्या नक्की. कुठलं पुस्तक कुठे गेलं, त्यासाठी जाडजूड नोंदवही केलीय. अक्षर फार सुंदर आलंय.

४ मे.
एक निवृत्त सर तीन तास थांबले. पूर्वी पाच मिनिटांत पुस्तक घेऊन जायचे म्हणे. याला म्हणतात एंगेजमेंट, वाचकाचं गुंतून जाणं! अहवालात टाकणार. त्यांची बायको अंथरुणाला खिळलीय, तिला ते एक कादंबरी वाचून दाखवत होते. मध्येच परत केली ती मुदत संपली म्हणून. आता सापडत नाही. म्हटलं, ‘हुरहूर’मध्ये बघा.

११ मे.
सर रोज येतात. ‘हुरहूर’ संपलं. आता ‘चिडचिड’मध्ये आहेत.

१६ मे, दुपार.
सरांना म्हटलं, थांबा, नोंदवहीत बघून सांगतो. नोंदवही सापडेना. मीच ती कपाटात लावली होती, तिच्या भावनेनुसार. भावना कुठली ते आठवत नाही. बाईंनी सरांना बसायला खुर्ची आणून दिली. मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२७ मे.
चार दिवस बायको मदतीला येतेय. एकेक कपाट उपसतोय. नोंदवही मिळाली की सगळं जागेवर येईल ना, असं तिने तीनदा विचारलं. येणार म्हणजे येणारच! चोवीसशे नोंदी आहेत तिच्यात.

३१ मे.
सापडली. ‘उद्या नक्की’मध्ये. बायकोच्याच हाताला लागली. बाई, सर, सगळे धावत आले. उघडली.
अकरा नोंदी. पुढे कोरी पानं.
देवाशपथ, मला वाटत होतं मी सगळं लिहिलंय. बायकोने पानं शेवटपर्यंत उलटली, मग वही मिटून माझ्या हातात दिली. सर म्हणाले, राहू दे, पुढची गोष्ट मीच मनाने रचून सांगतो घरी बायकोला. लाज वाटली. फार वाटली.

८ जून.
दुकानात पहिला आठवडा. टाइल्स रंगाच्या स्वभावानुसार लावू का, विचारलं. मेहुणा म्हणाला, नंबराने.
संध्याकाळी बायको वाचनालयात जाते, बाईंबरोबर नंबर चिकटवायला. सरही बसतात म्हणे डिंक घेऊन. आज तिने विचारलं, येताय का.
म्हटलं, उद्या नक्की.