दुपट्याखालचं पाऊल

३ मार्च

परत तेच! सांगलीहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला आणि दर्शनने मिहिकाच्या कमरेपर्यंत दुपटं ओढलं. दोन महिन्यांची पोर, डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं, आता मांडीपर्यंत प्लास्टर – आणि आजीला पत्ताच नाही! म्हणे, एसीची थंडी लागते तिला. वर मला समजावतो, आईचं बीपी वाढेल, पाय सरळ झाला की दाखवू. पोरीने काय चोरी केलीय?

लाज वाटते त्याला, दुसरं काय. मला नाही वाटत. माझ्या फोनमध्ये तिचे शेकड्यांनी फोटो आहेत.

९ मार्च

अल ऐनच्या हॉस्पिटलात सहावं प्लास्टर. पाऊल बाहेर वळलंय, टाच मात्र अजून वरच. डॉक्टर फहद म्हणाले, टाचेमागचा टेंडन आखूड आहे, बारीक पात्याने कापून मोकळा करू. तीन आठवड्यांत तो लांब होऊन परत जुळतो. चवड्यांवर चालणाऱ्या मोठ्या मुलांचाही कधी कधी असाच सोडवतात.

गाडीत दर्शन सुरू. नस कापायची? लंगडी झाली तर? थोडं थांबू या. थांबून काय, टाच आपोआप खाली येणार? शारजाला घरी पोचेपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

१६ मार्च

झालं. पाच मिनिटं! सही दर्शनने केली आणि पार्किंगमध्ये जाऊन बसला. आत मी एकटी.

७ एप्रिल

प्लास्टर निघालं. टाच टेकते! मी तिथेच रडले. आता दांडीने जोडलेले बूट, दिवसाचे तेवीस तास, तीन महिने.

८ एप्रिल

कॉल आला, दुपटं आलं. माझं डोकंच फिरलं. फोन हिसकावून सासूबाईंना बूट दाखवले, दांडी दाखवली, पहिल्यापासून सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंत रे?"

दर्शन खाली बघत बसला. बरं झालं! नंतर त्याला चांगलं सुनावलं – लपवणारा तू, मी नाही.

१४ एप्रिल

तपासणीला गेलो होतो. बाजूच्या खुर्चीत सुमैय्या नावाची एक आई, मांडीवर दहा दिवसांचं बाळ, दोन्ही पावलं आत वळलेली. मिहिकाच्या पायाकडे बघत म्हणाली, "पहले कैसा था? फोटो दिखाओ ना।"

मी मोठ्या तोऱ्यात फोन काढला. चारशे बारा फोटो, सगळे मीच काढलेले. दोनदा वर-खाली पाहिले.

प्लास्टरच्या आधीचं पाऊल एकातही नाही. प्लास्टरसुद्धा नाही.