बारा, अठरा अन् रामकिसनबाबा

मुकुंदवाडी, सोमवार

घरच्या मालकांस, तुमच्या कौसाचा इथूनच पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी खुशाल पोचले. गुडघ्याला तेल लावता ना? म्हैस दूध देते का माझ्यावर रुसली?

तुम्ही म्हणालात, आपल्या नातीचं, सुवर्णाचं, ते कॉलेजातलं गणित बंद कर अन् तिला घरी घेऊन ये. मीबी आल्या आल्या तेच बोलले, "नुसते ठिपके अन् बाण काढती. यालाच कॅटेगरी थिअरी म्हणत्यात व्हय? पोट भरतं का त्यानं?"

ती हसली. "आजी, मी अन् माझ्या खोलीत राहणारी ही आपल्या भावकीतली निर्मला, आम्ही एकमेकींच्या कोण लागतो?"

मी झटक्यात सांगितलं, दोघींच्या बापापासून वर चढत जा, दोन्ही वाटा पहिल्यांदा मिळतात त्या रामकिसनबाबांपाशी. तिनं तसे बाण काढले. मग शेजारी बारा अन् अठरा लिहिले, अन् ज्या आकड्यांनी त्यांना भाग जातो तिकडं बाण काढले. दोन्ही वाटा पहिल्यांदा सहापाशी मिळाल्या. तीन, दोन त्याच्याही वर.

अहो, चित्र तेच! माझ्या हातातला चहा सांडला.

"माणसं निराळी, आकडे निराळे," ती म्हणाली, "पण चित्रावर एकदा सिद्ध केलं की दोन्हीकडं खरं. पुन्हा मेहनत नाय."

इतकी वर्षं मी नाती लावतेय, अन् हे गणित आहे हे मला कुणी सांगितलंच नाय! लई धक्का बसला.

तिची पेटी मी बांधली होती, मीच सोडली. बुधवारी मी एकटीच येते, पोरीला शिकू दे. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पण जेवून रागवा. उपाशीपोटी तुम्हाला खोकला येतो.

तुमचीच,
कौसा