उसावरचं इंद्रधनुष्य

मळा, वणी रोड
१२ मे २०२५

ती. लताताईस,
पुंजारामचा शि. सा. न. वि. वि.

बांधाला बांध लागून असताना पत्र लिहायची वेळ आली, कारण तू सख्ख्या भावाचा फोन उचलत नाहीस. दूधवाल्या गोटीरामच्या हाती पाठवतोय. फाडायच्या आधी वाच.

माझ्या उसातलं तणनाशक उडून तुझी द्राक्षबाग जळाली, असं तू गावभर सांगत सुटली आहेस. पुरावा काय, तर मी ट्रॅक्टरमागच्या नव्या फवारणीच्या ब्लोअरचा स्टेटसला ठेवलेला फोटो. त्यात फवाऱ्यात उमटलेल्या इंद्रधनुष्याचं टोक तुझ्या वेलींवर टेकलंय, म्हणजे औषधही तिथंच पडलं म्हणे! माझी पूजा नाशकात बीएस्सी करते, तिला मी नीट विचारून घेतलं. ऊन थेंबात शिरताना वाकतं, थेंबाच्या आतल्या पाठीवर आपटून मागे फिरतं, बाहेर पडताना पुन्हा वाकतं. प्रत्येक रंग जरा वेगळा वाकतो, म्हणून रंग सुटे होतात. बघणाऱ्याच्या पाठीशी सूर्य आणि समोर थेंब हवेत, बस. इंद्रधनुष्य एका जागी टेकलेलं नसतंच. थेंब माझ्या उसावर होते, त्यांच्यामागे तुझी बाग दिसते, एवढंच.

मी सकाळी आठला फवारलं. वारा पडलेला होता. तुझ्या ललितनेच भलतं औषध मारलं असणार. पोराला अजून अक्कल नाही, हे मी पारावर बोललो आणि पुन्हा बोलेन. भावावर आळ घेताना तुझी जीभ कशी झडली नाही?

राग उतरला तर लोभ ठेव, नाहीतर तुझी मर्जी.

पुंजाराम


१५ मे २०२५

चि. पुंजारामास,
अ. उ. आ. वि. वि.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिलाय, मनातून नाही.

पूजाचं म्हणणं करून पाहिलं. संध्याकाळी अंगणात नळीच्या तोंडावर अंगठा दाबून पाणी उडवलं. इंद्रधनुष्य गोठ्याच्या भिंतीवर टेकलेलं दिसलं. मी बाजूला सरकले तर तेही सरकलं, आणि भिंत मात्र कोरडीच. पोरगी खरं बोलते. औषध कुठं पडलं हे फोटोवरून कळत नाही, मान्य.

मग पाठीवरच्या पंपात साधं पाणी भरून, तू फोटो काढलास त्या रस्त्यावर गेले. समोर तुझा ऊस, पलीकडे माझी बाग. सकाळी आठला उभी राहिले तर ऊन डोळ्यांत, आणि रंगाचं नाव नाही. सूर्य माझ्या बागेवरून वर येतो, पुंजा, जन्मभर तिथूनच उगवताना पाहिलाय आपण. संध्याकाळी तिथंच उभी राहिले, सूर्य पाठीशी आला, आणि माझ्या वेलींसमोर अख्खं इंद्रधनुष्य उभं राहिलं. तुझ्या फोटोतल्यासारखं. म्हणजे तू संध्याकाळी फवारलंस. मे महिन्यात संध्याकाळचा वारा तुझ्याकडून माझ्याकडे कसा सुटतो, ते तुला मी सांगायचं? आणि द्राक्षाचा ब्लोअर उसात? धुक्यासारखं उडवणाऱ्या यंत्राने कुणी तणनाशक मारतं का रे? मजूर लावायचा आळस, दुसरं काय!

बाग गेली तर पुन्हा लावेन. माझा जळफळाट वेगळाच आहे. मामा बोलला म्हणजे आपलंच चुकलं, असं ललितने धरून ठेवलंय. रिकाम्या बाटल्यांवरची नावं पुन्हा पुन्हा वाचतो, ताटावरून उठून जातो. बाग मीच मारली, आता शेती नको, मालेगावला कापडाच्या लूमवर कामाला जातो म्हणतो. तुझ्या खोट्याने माझं पोर मातीतून उपटलं. पारावर बोललास ना? मग पारावरच फिरव तो शब्द.

तोवर लोभाचं नाव काढू नकोस.

लता


१९ मे २०२५

ती. लताताईस,
शि. सा. न. वि. वि.

संध्याकाळीच फवारलं होतं. ट्रॅक्टर उशिरा मोकळा झाला, वारा अंगाला लागत होता, तरी दामटलं. तुझ्या वेलींची पानं पंख्यासारखी आखडली, ती तणनाशकाचीच खूण, तेव्हाच समजलो होतो. तुझा राग मला अजून आहे, गावभर सांगायच्या आधी माझ्या दारात येऊन का नाही भांडलीस? पण त्याहून जास्त माझा मलाच येतो.

काल पारावर सगळ्यांसमोर सांगितलं. ललित मागे उभा राहून ऐकत होता, मग बागेकडे चालू लागला. मी त्याच्यामागोमाग बागेत गेलो आणि आखडलेले शेंडे काढायला कात्री उचलली. त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली. मालेगावला जात नाही म्हणाला, बाग मीच उभी करेन म्हणाला, आणि मग, मामा, तुम्ही आमच्या वावरात येऊ नका, असं म्हणाला. माझ्या खांद्यावर बसून अरे मामा, अरे मामा करणारं पोर काल मला अहो-जाहो करत होतं, ताई. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तू तरी शिव्या देत राहा.

तुझा पुंजा