बांगडा येईपर्यंतची हुकूमशाही

३० ऑक्टोबर १९५८
दसऱ्यापासून बांगडा नाही. किनाऱ्यावरून सगळ्यांनी दोरीने ओढायचं रापणीचं जाळं रोज समुद्रात जातं आणि नुसतं भिजून परत येतं. वाडी कावलेली. मी मात्र खुशीत. पेपरात (वेंगुर्ल्याला बोटीने येतो, दोन दिवस शिळा) आणखी एका देशात सेनापतीने सत्ता घेतल्याची बातमी. सगळीकडे क्रम एकच. आधी टंचाई, मग असंतोष, मग क्रांती, मग एक कणखर पुरुष. आमच्याकडे पहिले दोन झाले. कणखर पुरुष कोण, हे नम्रतेमुळे लिहीत नाही.

२ नोव्हेंबर, सकाळ
संकटाचं मूळ सापडलं. रापण ओढताना जो दोरीला हात लावील त्याला मासळीचा वाटा, ही आमची रीत. म्हाताऱ्या बायका, वाटेने जाणारा पोस्टमन, कोणीही. रापणीचा म्होरक्या, तांडेल लवूकाका सगळ्यांना देतो. अशाने कुठलं राष्ट्र टिकेल? आनंदीला, म्हणजे बायकोला, समजावलं. ती म्हणाली, मासोच नाय तर वाटो कसलो? राजकारण तिला कळत नाही.

५ नोव्हेंबर
देवळात सभा. मी तासभर बोललो. लवूकाका थकला, नवं रक्त हवं, वगैरे. लवूकाका उठला. मासळी दिसली की किनाऱ्यावरून होडीला ज्या फडक्याने खूण करतात, ते माझ्या हातात दिलं. म्हणाला, घे परशुराम, माजे डोळे तसेय दुखतत. क्रांती संपली. प्रतिकार शून्य. थोडा हिरमोड झाला.
तात्पुरती हुकूमशाही जाहीर केली. मुदत बांगडा येईपर्यंत.

६ नोव्हेंबर
हुकूम पहिला: वाटा फक्त मी वहीत नाव लिहिलेल्या बावीस जणांना. दुसरा: पहिल्यावर चर्चा बंद. शाळेतून खुर्ची आणून वाळूत ठेवली. मागचा पाय रुतला. शिट्टी नवीन.
मेहुणा शिवा संरक्षणमंत्री. काम, गोदूबाईला दोरीपासून लांब ठेवणे. ती सत्तरीची, नवरा समुद्रात गेलेला. शिवाला तिनेच अंगाखांद्यावर खेळवलंय, त्यामुळे तो तिच्याशी बोलताना खाली बघतो. मंत्री बदलावा लागेल.

१० नोव्हेंबर
घरात आठवा दिवस सुकटच. शिवा लवूकाकाशी कुजबुजताना सापडला. मंत्रिमंडळ बरखास्त.

१३ नोव्हेंबर, दुपारी १२
बांगडा आला. पाणी काळं दिसावं इतका. फडकं मी हलवलं (उलट्या बाजूला, पण होडीवाल्यांना कळलं). मुदत संपली असं काही जण म्हणाले. विचाराअंती मुदतवाढ दिली. संकट गेलं की ते परत येण्याचा धोका सर्वात जास्त असतो.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ
नीट लिहितो. जाळं गच्च भरलं. बावीस जण ओढतायत, जाळं हलत नाही. बाकीची वाडी वाळूत बसून बघतेय. मी शिट्टी वाजवली, सगळ्यांनी हात लावा म्हणालो. गोदूबाई म्हणाली, आमचां नाव वहीत खंय आसा? ओहोटीने जोर धरला, दोरी करकरायला लागली. जाळं फाटलं असतं तर अख्ख्या वाडीचा हंगाम गेला असता. वही रद्द, असं ओरडलो. कोणी हललं नाही.
लवूकाका सुरूच्या झाडाखाली बसला होता, तो उठला. दोरीला हात लावला. मग सगळे उठले. आनंदीसुद्धा.
जाळं आलं. वाटे झाले. पोस्टमनलाही मिळाला. मला नाही, मी खुर्चीपाशीच होतो. रीत कोणी मोडली नाही. फार लाज वाटली. जेवताना आनंदीच्या वाट्याचे बांगडे खाल्ले. तिने मोठा बांगडा माझ्याच पानात वाढला, ते जास्त लागलं.

१४ नोव्हेंबर
हुकूमशाही स्वेच्छेने विसर्जित केली. सकाळी लवूकाकाला तसं कळवायला गेलो. तो म्हणाला, बरां केलंस, जा, शेवटाक उभो रव. दोरीच्या अगदी टोकाला, गोदूबाईच्या मागे उभा राहिलो. इथून सगळ्यांवर लक्ष राहतं, जागा तशी मोक्याची. तेवढ्यात गोदूबाई मागे न बघता म्हणाली, नुसतो धरून काय रवलंस, वढ मरे.